येळवशीचं वैर

अक्का, आधी एक सांगून ठेवते. तुम्ही गेलात म्हणून मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

जंगमांनी कपाळाला विभूती लावून तुम्हाला मातीत बसवलं, तेव्हा सगळ्या बाया रडत होत्या. मीही रडले. बायांना वाटलं, धाकट्या जावेचं मन शेवटी पाघळलं. त्यांना काय ठाऊक! भांडण ऐन रंगात आलेलं असताना समोरचीनं घरात निघून जावं आणि आतून कडी लावावी, तसं तुम्ही केलंत. मी त्या रागानं रडत होते, आणि त्याच रागानं आता लिहायला बसले आहे.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "सोनारीचीनं कागद काळा करायला घेतला, आता भाकरी करपणार." सात वर्षं एका घरात आणि मग एका बांधावर काढली, पण तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही. सोनारीची. जणू मला आई-बापानं नाव ठेवलंच नव्हतं.

ठेवलं होतं, अक्का. आणि अक्षरंही त्यांनीच शिकवली होती. माझे वडील, आमचे दादा, सोनारीला देवळाच्या वाटेवर फुटाणे भाजून विकायचे आणि दुपारी भट्टी थंड झाली की पोथी वाचायचे. त्याच दादांसाठी हे वैर आहे. तुम्ही ते विसरला असाल, मी विसरलेले नाही.

लग्न होऊन बेंबळीला आले, ते निजामाच्या राज्यातले, जगातल्या मोठ्या लढाईचे दिवस होते. साखर बघायला मिळत नव्हती, रॉकेलसाठी लोक बाटली घेऊन ताटकळायचे. आमच्या सोनारी-परंड्याकडं येळवशीचा एवढा थाट नसतो. इथं मार्गशीर्षातल्या अमावस्येला बघते तर अख्खं गाव दाराला कुलूप लावून शेतात! तुम्ही आदल्या दिवसापासून चुलीजवळून हलला नव्हतात. तूर, हरभरा, पावटा, ओल्या शेंगा, जे शिवारात हिरवं ते ताकात आणि बेसनात शिजवून भज्जी केली. बाजरीचे उंडे, खपली गव्हाची गूळ घालून खीर, तिळाच्या पोळ्या. आणि आंबील. जवारीचं पीठ ताकात भिजवून, लसूण ठेचून घातलेली ती आंबील नव्या मडक्यात भरलीत, मडक्याला चुना फासलात, वर कावेचे पट्टे ओढलेत. मी तोंड उघडं टाकून बघत होते. विकतचं काही नाही, सगळं शेतातलं आणि घरातलं, तरी राजाच्या घरचं वाटावं असं. तेवढं मी तुमचं मानते. तेव्हाही मानत होते, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

त्या पहिल्या येळवशीला दादा आले. सोनारीहून बेंबळी किती लांब, तुम्हाला माहीत आहे. कुणाच्या गाडीत बसून, कुठं पायी, वाटेत मुक्काम करत आले. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि विकत घ्यायला जवळ काही नाही, म्हणून त्यांनी पोरांसाठी गाडी करून आणली होती. कडब्याच्या धाटाची बैलगाडी. धाट सोलायचं, वरची साल वेगळी, आतला भेंडासारखा गाभा वेगळा. गाभ्याच्या चकत्यांची चाकं, सालीच्या काड्यांची साटी, बाभळीच्या काट्याचा आस. बैलांना शिंगंसुद्धा होती आणि शिंगांना हळदीत बुडवलेल्या दोऱ्याचे गोंडे. वाटभर मोडू नये म्हणून त्यांनी ती डोक्यावर टोपलीत घेऊन आणली होती.

आपण कोपीत होतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वर शाल पांघरून केलेली ती कोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव. तुम्ही बाहेर तीन दगडांवर खीर गरम करत होता. दादांनी टोपली उतरवली, गाडी तुमच्याजवळ भुईवर ठेवली आणि म्हणाले, "बाई, लेकरांसाठी आणलंय. गरिबाचं हाय, गोड मानून घ्या."

तुम्ही वळून बघितलंत. मग गाडी उचललीत आणि चुलीत घातलीत.

सुकं धाट ते. कापसासारखं पेटलं. पांढरी शिंगं क्षणभर दिसली आणि गेली. तुमचा शिवा तेव्हा एवढासा, तो रडायला लागला. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "अय्य, ते खेळणं हुतं व्हय? मला वाटलं जळण. पाहुण्यानं चिपाडं आणली म्हणलं."

दादा हसले. खरंच हसले, अक्का. पंगतीला बसले, आंबील परत परत मागून घेतली आणि तुम्हाला म्हणाले, "आंबील झकास झाली, बाई. असला हात बघितला न्हाय." आणि त्या स्तुतीनं तुमचा चेहरा फुलला! दादांनी पाणी पिऊन निरोप घेतला. मी बांधापर्यंत सोबत गेले. माझे डोळे बघून ते म्हणाले, "येडी का काय तू? चिपाडच की ते. पुढल्या साली दुसरी करतो."

पुढलं साल त्यांनी बघितलंच नाही. उन्हाळ्यात पटकीच्या साथीत गेले. मला खबर लागली तेव्हा माती होऊन गेली होती. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवायला आलात, मी तो झटकला. तुम्ही वाईट वाटून घेतलं नाहीत. तुम्हाला कारण ठाऊक होतं, नाहीतर तुमच्यासारखी बाई गप्प बसणारी नव्हती.

तेव्हा मी ठरवलं. तुमच्या तोंडावर भांडून उपयोग नव्हता, तोंडानं तुम्ही मला हरवलं असतं. मी येळवशीनंच तुम्हाला हरवणार होते. मी चुलीपाशी तुमच्या मागं मुकाट बसले आणि सगळं शिकून घेतलं. आंबिलीला पीठ कधी घालायचं, भज्जीला उकळी कुठं थांबवायची, उंडा फुटू नये म्हणून पाणी किती तापवायचं. तुम्हाला वाटलं, सोनारीची वळणावर आली. "बघ, हाताला वळण लागलं," असं तुम्ही थोरल्यांना, तुमच्या मालकांना म्हणालात, ते मी ऐकलं. आणि आणखी नेटानं शिकले.

पुढं घराच्या वाटण्या झाल्या. भावाभावांत पटत नाही असं गावाला सांगितलं, पण वाटण्या कुणामुळं झाल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेताच्या मधून बांध पडला आणि पहिल्यांदा त्या शिवारात दोन कोपी उभ्या राहिल्या.

त्या सालची माझी कोप आठवा, अक्का. आठवलीच पाहिजे! कडब्याचं एकही धाट मी वाया जाऊ दिलं नव्हतं. पंधरवडाभर सोलत बसले होते. गाभ्याचे मणी करून हळदीत पिवळे केले, कावेत लाल केले, पालकाच्या रसात हिरवे, आणि माळा ओवून कोपीवर सोडल्या. दारात पानांच्या भिंगऱ्या लावल्या, वारं आलं की फिरायच्या. येणाऱ्या प्रत्येक लेकराला सालीचा चष्मा नाहीतर धाटाची गाडी. गाड्या मी दादांसारख्याच केल्या होत्या, शिंगांसकट. शेंगदाणे आणि गूळ कुटून लाडू वळले होते, तीळ भाजून गुळात थापले होते. खर्च म्हणाल तर गूळ सोडून सगळं शिवारातलं.

शिवारभरची पोरं माझ्या कोपीवर लोटली. पोरांमागं आया आल्या, आयांमागं बाप्ये. तुमचा शिवा चष्मा लावून माझ्या पंगतीला बसला. तुम्ही बांधावरून हाक मारली, "शिवा, घरचं जेवाय ये." तो म्हणाला, "आये, मला काकूच्यात जेवायचंय." थोडक्या वेळानं तुमची नीलाही आली. मग थोरलेसुद्धा काहीतरी निमित्त काढून बांध ओलांडून आले.

मी पदराआड हसत होते. तुम्ही भरल्या मडक्याशेजारी एकट्या बसला होता. मला एवढंच पाहिजे होतं. दादा, बघा, असं मी मनात म्हटलं.

पण तुम्ही हार मानाल तर अक्का कसल्या! उठलात आणि थेट वाटेवर जाऊन उभ्या राहिलात. येईल त्या माणसाला हात धरून आणायला लागलात. कासार आला, वाटसरू आले, कुणाचीतरी म्हातारी आली. आणि मग धाराशिवकडून घोड्यावर निजामाचा एक पोलीस येताना दिसला. लोक त्याला बघून बाजूला सरकत होते. तुम्ही पुढं झालात. "ओ जमादार, येळवस हाय. उपाशी जायचं न्हाय माझ्या शेतावरनं."

तो बिचकला. तुम्ही घोड्याचा लगाम धरला होता! खाली उतरला, बूट काढून कोपीबाहेर बसला, आंबील प्याला. जाताना म्हणाला, "अम्मा, ऐसा खाना घर में बी नै खाया." तुम्ही माझ्याकडं बघून हनुवटी वर केलीत. माझ्यापेक्षा एक पान जास्त उठावं म्हणून तुम्ही निजामाच्या माणसालाही जेवू घातलं होतं. त्यानंतर दर येळवशीला तो यायचा. तुमच्याच कोपीवर. माझ्याकडं मी कितीदा बोलावलं, हसायचा आणि नाही म्हणायचा.

वैर असं वाढत गेलं. तुम्ही एका साली कोपीसमोर रांगोळीनं अख्खं शिवार काढलंत, बैलं, मोट, पाटाचं पाणी. दुसऱ्या साली मी लाह्यांची तोरणं केली. पोरांची चंगळ झाली. वर्षभर भाकरी-चटणी खाणारी लेकरं येळवशीला दोन्ही बांधांवर पोट फुटेपर्यंत खायची. आणि आपण दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हतो. मला एकदा तरी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, "बघून जाळली." आणि कुणाकरवी विचारलं तर तुमचं तेच उत्तर यायचं, "जळण वाटलं म्हणलं ना एकदा?"

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल आलं. गावोगाव धाडी पडायच्या बातम्या येत होत्या, लोक धान्य पेवात लपवत होते. दिवाळी झाली न झाली आणि एका सकाळी तुम्ही माझ्या दारात उभ्या. किती वर्षांनी तुमचा पाय माझ्या उंबऱ्याला लागला होता. धापा टाकत होता.

"तो जमादार आला हुता," तुम्ही म्हणालात. "घोड्यावरनं उतरला बी न्हाय. 'अम्मा, बच्चों कू लेको निकल जाव, यां मत ठैरो,' एवढंच म्हणला आन् गेला. ऊठ. लेकरू घे."

मी तशीच उभी. माझी चंद्री तेव्हा कडेवर होती. तुम्ही ओरडलात, "बघत काय बसलीस? तुला हिथं सोडून गेले तर लोक म्हणतील, थोरलीनं राग काढला. चल!"

आपण गाड्या जुंपल्या आणि सरहद्द ओलांडून सोलापूरकडच्या मुलखात गेलो. दोन दिवसांनी कळलं, आपली गल्ली लुटली, आपली दोन्ही घरं जाळली. माझी चंद्री आज अंगणात खेळतेय ती तुम्ही त्या शिपायाला आंबील पाजली म्हणून, आणि आंबील पाजली ती मला खाली बघायला लावायचं म्हणून. हे मी कुणाला सांगू आणि कसं सांगू? उपकारही तुम्ही माझ्यावर असा केलात की मान झुकवून 'आभारी हाय' म्हणायची सोय ठेवली नाहीत.

परक्या गावात, एका गोठ्यात आपण राहत होतो. तिथंच ती येळवस आली. शेत नाही, कोप नाही, मडकं नाही. तुम्ही घरोघर हिंडून मूठमूठ पीठ आणि ताक मागून आणलंत, कुणाच्या तरी पातेल्यात आंबील लावलीत. मी गव्हाणीत बैलांनी टाकलेली चिपाडं वेचून गाड्या करायला बसले. आपल्यासारखी पळून आलेली बरीच लेकरं होती तिथं. सगळ्यांना गाड्या मिळाल्या. शिवा आणि नीला आले, तेव्हा मी म्हणाले, "तुमच्या आयेकडनं करून घ्या. तिला लई चांगलं समजतं चिपाडातलं."

हो, म्हणाले. आणि तुम्ही ऐकावं म्हणून मोठ्यानं म्हणाले.

तुम्ही विळा घेतलात आणि एक धाट सोलायला बसलात. चिपाडाची साल पात्यासारखी असते, बोट कापलं, त्यावर हळद दाबलीत आणि पुन्हा बसलात. सूर्य मावळतीला गेला तेव्हा एक गाडी झाली. चाकं वाकडी, बैल की शेळ्या ते कळत नव्हतं. ओढली की एका बाजूला कलायची. बाकीची पोरं हसली. मी मान खाली घालून चंद्रीला भरवत होते, पण आतून इतकी गार झाले, इतकी गार! दादांची गाडी काय होती, ती करायला काय लागतं, ते तुमच्या बोटांना त्या दिवशी कळलं. तो माझा सूड होता, अक्का. पुरा झाला असं मला वाटलं. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

नीला मात्र ती कलणारी गाडी उशाशी घेऊन झोपली.

भादव्यात राज्य बदललं. आपण परत आलो. जळक्या भिंतींवर पत्रे टाकून संसार मांडले. लोक आनंदानं वेडे झाले होते, आणि तुम्हाला ताप आला. मुदतीचा ताप म्हणाले. धाराशिवहून वैद्य आणला, काढे झाले. मी रोज बांध ओलांडून पेज घेऊन यायचे. तुमच्या तोंडाशी वाटी धरायचे आणि मनात म्हणायचे, बऱ्या व्हा, मग बघते तुम्हाला.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघत होता. मी विचारलं, "अक्का, आता तरी खरं सांगा."

तुम्ही लगेच म्हणालात, "व्हय. बघून जाळली."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"तुझा बाप एवढ्या लांबनं आला," तुम्ही थांबत थांबत म्हणालात, "डोस्क्यावर चिपाडं घिऊन. माझ्या बापाच्या दारात दोन बैलगाड्या. माझं म्हायेर आळंद. तिथनं बेंबळी, कितीसं लांब? एक येळवस आला न्हाय. नवी बायको केल्यापासनं माझं तोंड बघितलं न्हाय त्यानं. तुझ्या बापाला बघितलं आन् माझं टकुरं फिरलं."

मी वाट बघितली. वाटलं, आता माफी मागाल. तुम्ही मागितली नाहीत. मागितली असती तर मी दिली नसती, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "पेज आळणी हाय." आणि कुशीवर वळलात.

तिसऱ्या दिवशी गेलात.

इतकी वर्षं मी एका खोट्यावर उभी होते. ते खोटं पाडायचं म्हणून रोज उठत होते. आणि खरं सांगितलंत ते अशा वेळी की मला ओरडताही येईना. तापानं फणफणलेल्या बाईशी कोण भांडतं? माझ्या जिभेवर सात वर्षांचं साठलेलं होतं, अक्का. ते सगळं घेऊन मी आता कुठं जाऊ? तुमच्या बापाचाही मला राग येतो. तो मातीला आला होता. रेशमी रुमाल बांधून. मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्याही ठेवला नाही. तुमच्यासाठी नव्हे. माझ्या दादांची गाडी त्याच्यामुळं जळली म्हणून. तुम्ही हसू नका.

परवा येळवस झाली. भावकी म्हणाली, यंदा करू नका, घरात मरण झालंय. जंगम म्हणाले, आपल्यात सुतक धरत नाहीत. मी म्हणाले, मी करणार. तुमच्या शेतातही कोप उभी केली. दोन्हीकडचा स्वैपाक मीच केला. शिवा आणि नीलाला जेवू घातलं. थोरले नुसते बसून होते.

पंगतीला तुमचा चुलत दीर मल्लाप्पा होता. दर साली दोन्ही कोपींवर जेवायचा आणि दोघींनाही 'तुमचाच हात चांगला' म्हणायचा, तो. भज्जीचा घास घेऊन, माझ्याकडं बघून हसत तो म्हणाला, "वैनी, आता बोलाय हरकत न्हाय. अक्काची भज्जी आंबटच असायची. खरी चव तुमच्या हाताला."

हेच ऐकायला मी सात वर्षं जीव टाकत होते. सगळ्या शिवारासमोर, कुणीतरी म्हणावं. आणि मल्लाप्पा म्हणाला.

मी त्याच्या पुढ्यातली पत्रावळ उचलली. "ऊठ," म्हणाले. "तिला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तू कोण? ऊठ माझ्या पंगतीतनं."

तो खरकट्या हातानं उठला. येळवशीला भरल्या पानावरून माणूस उठवला असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं, वाटेवरच्या पोलिसालासुद्धा तुम्ही उपाशी जाऊ दिलं नव्हतं. हे तुम्हाला मुळीच खपलं नसतं. तुम्ही बांध ओलांडून आला असता, तुमच्या माहेरच्या कानडीत दोन शिव्या हासडून माझी अब्रू काढली असती.

मी पत्रावळ हातात धरून बांधाकडं तोंड करून उभी राहिले. उत्तरं तयार होती, अक्का. एकापेक्षा एक. मी बराच वेळ उभी होते.

कुणी आलं नाही.